कांताआत्या आणि कोरडा लिटर

माझी आत्या कांता येलवे बत्तीस वर्षं मुंबईत प्राथमिक शाळेत शिकवत होती. तिच्या हाताखालून गेलेले विद्यार्थी अजून परळ-भोईवाड्यात भेटतात. त्यातले जे एकोणीसशे एकोणसाठ साली तिसरीत होते, ते तिचं नाव काढलं की हसायलाच लागतात. का, ते सांगतो. मी तेव्हा तीन वर्षांचा होतो, त्यामुळे मला स्वतःला काही आठवत नाही. पण ही हकिगत मी आत्याकडून, आजीकडून आणि शाळेचा शिपाई गणपत याच्याकडून इतक्या वेळा ऐकली आहे, की तिघांच्या सांगण्यात कुठे कुठे फरक पडतो तेही मला पाठ आहे.

आमचं बिऱ्हाड भोईवाड्यात, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर. आजोबा भिवा येलवे गिरणीत रिंग खात्यात. आजी जाईबाई घरात. छप्पनच्या डिसेंबरात दादर चौपाटीवर दोघांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. आत्या तेवीस वर्षांची, आमच्या चाळीतली पहिली मास्तरीण. ट्रेनिंग करून आलेली, त्यामुळे बोलणं पुस्तकी आणि शुद्ध. आजी म्हणायची, ही भाजी मागते तेव्हासुद्धा परिच्छेद वाचल्यासारखं वाटतं.

शाळा चार वर्गांची, आमच्या चाळीसमोर एका जुन्या इमारतीच्या माडीवर. मुख्याध्यापक हेरंब गुरुजी. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. माणूस वाईट नव्हता, पण घाबरट. एकदा त्यांच्या शाळेतला पृथ्वीचा गोल हरवला होता आणि त्याची चौकशी चार वर्षं चालली होती. तेव्हापासून शाळेत कुठलीही नवी वस्तू आली की त्यांचा चेहरा उतरायचा.

त्या वर्षी सगळंच बदलत होतं. राज्य द्विभाषिक होतं, मुंबई कुणाची ते ठरत नव्हतं, नरे पार्कात आठवड्याला दोन सभा व्हायच्या. आणे जाऊन नवे पैसे आले होते, वजनाचा शेर जाऊन किलो येत होता. दूध आणि तेल मात्र अजून शेर-पावशेरानं, रॉकेल बाटलीनं. आता लिटर येणार, आणि तो आधी शाळेत शिकवायचा, असं वरून ठरलं.

एके दिवशी लाकडी खोकं आलं. आत गवताच्या काड्यांत गुंडाळलेलं एक पत्र्याचं माप, चकचकीत, कडेला मूठ, पोटावर ‘१ लिटर’ असं कोरलेलं. सोबत परिपत्रक. हेरंब गुरुजींनी ते दोनदा मनात आणि एकदा मोठ्यानं वाचलं. ‘सदर माप डेड स्टॉक रजिस्टरात नोंदवावे. मापाच्या साहाय्याने इयत्ता तिसरीच्या मुलांना द्रवपदार्थ मोजण्याचे प्रत्यक्ष शिक्षण द्यावे. माप ओले करू नये. गंज चढल्यास मुख्याध्यापक जबाबदार धरले जातील.’

“गुरुजी,” आत्या म्हणाली, “ओलं न करता द्रव कसा मोजायचा?”

“येलवेबाई, ते परिपत्रकात दिलेलं नाही.”

“म्हणून तर विचारते.”

“म्हणून तर मी सांगू शकत नाही,” गुरुजी म्हणाले. “रोज अकरा वाजता कपाटातून घेऊन जा, बारा वाजता आणून द्या. आणि नेताना हात कोरडे ठेवा.”

आत्या हट्टी होती, पण हुकूम मोडणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात माप टेबलावर ठेवलं, शेजारी रिकामी बादली ठेवली आणि मुलांना सांगितलं, “समजा, या बादलीत पाणी आहे.”

मुलांना समजायला काहीच अडचण आली नाही. एकेक जण यायचा, रिकामं माप रिकाम्या बादलीत बुडवायचा, जपून वर काढायचा आणि दुसऱ्या बादलीत ओतायचा. बाकीचे मोजायचे. एक लिटर, दोन लिटर, तीन. शांती नावाची एक बारीक मुलगी होती. तिनं ओतता ओतता एकदम तोंडावर हात ठेवला.

“बाई, माझं सांडलं.”

“सांडलं तर पूस,” आत्या म्हणाली. आपण काय बोललो ते तिच्या नंतर लक्षात आलं. तोवर शांतीनं फडकं आणून फरशी पुसली होती, आणि रघु नावाचा मुलगा तक्रार करत होता की तिनं नीट पुसलं नाही, त्याचा पाय ओला झाला.

पुढचे आठ दिवस तिसरीत रोज पाणी सांडत होतं. कोण किती सांडतो यावरून भांडणं लागली. एका मुलीनं दुसरीच्या अंगावर अर्धा लिटर उडवलं म्हणून ती खरोखर रडली. ओरडा ऐकून हेरंब गुरुजी दारात आले, आत पाऊल टाकणार तोच पोरं ओरडली, “गुरुजी, तिथं पाणी आहे!” गुरुजींनी धोतराचा सोगा उचलला, लांब टांग टाकली आणि पलीकडे गेले. मग ते थांबले. वळून कोरड्या फरशीकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि विचारलं, “मापाला लागलं नाही ना?”

याच सुमारास कळलं की महिनाअखेरीला दिपोटी येणार. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना तेव्हा सगळे दिपोटीच म्हणत. ते मुलांना लिटर विचारणार होते. आत्यानं आदल्या आठवड्यात स्वतःच चाचणी घ्यायची म्हणून विचारलं, “एक लिटर म्हणजे किती?”

कालिंदी उभी राहिली. हुशार मुलगी, पहिल्या बाकावरची. “बाई, एकच आहे.”

“एकच? कुठे आहे?”

“गुरुजींच्या कपाटात. कुलूप लावून.”

सगळ्या वर्गानं माना डोलावल्या. आत्यानं फळ्याजवळचा पाण्याचा माठ दाखवला आणि विचारलं, यात किती लिटर पाणी असेल? रघु म्हणाला, “बाई, त्यात खरं पाणी आहे. त्याचे लिटर होत नाहीत.”

आत्या त्या दिवशी घरी आली ती जेवली नाही. आजीनं कारण विचारलं. आत्यानं परिपत्रक सांगितलं. आजी भाकरी थापत होती, ती थांबली.

“पाण्याला हात लावू नको, हे मी पोरवयापासून ऐकलं,” आजी म्हणाली. “गावाला विहिरीवर आम्ही उभ्या राहायचो, वरून कुणी ओतील तेवढं ओंजळीत घ्यायचं. ओंजळीत राहील ते आपलं, सांडेल ते जमिनीचं. पण भांड्याला पाणी लावू नको, हे नवीनच काढलंन. आता भांडं बाटतंय होय पाण्यानं?”

“भांडं गंजतं, आई.”

“म्हणजे तेच,” आजी म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

आजोबा कोपऱ्यात बसून ऐकत होते. ते म्हणाले, “कांते, कागदात ओलं करू नको म्हटलंय ना? भरू नको असं कुठं म्हटलंय?”

तिथून आत्याची चक्रं फिरली. दुसऱ्या दिवशी तिनं हेरंब गुरुजींकडून माप एका रात्रीपुरतं घरी न्यायची परवानगी मागितली. गुरुजींनी ती लेखी दिली, गणपत शिपायाला सोबत पाठवलं आणि त्याला सांगितलं, बाई मोरीकडे गेल्या तर अडवायचं. गणपत आमच्या दारात माप मांडीवर घेऊन बसला. आजीनं तांदूळ काढले. आत्यानं माप काठोकाठ तांदळानं भरलं, हलकेच ठोकलं आणि फूटपट्टीनं वर सपाट केलं. हा झाला एक लिटर, कोरडा. आता तेवढेच तांदूळ बरोबर काठापर्यंत मावतील असं भांडं शोधायचं. मग ते भांडं कितीही ओलं करायला कुणाची हरकत असणार?

घरातली सगळी भांडी झाली. तांब्या मोठा, गडवा मोठा, दुधाची बाटली लहान. मग शेजारणींना निरोप गेला. अर्ध्या तासात गॅलरीत बायांची रांग लागली. किटल्या, लोटे, कासंड्या, एक पितळी कमंडलू. एका बाईनं पोराची दूध प्यायची झारी आणली. कुणाचं भांडं मोठं निघालं की ती खूष व्हायची, लहान निघालं की म्हणायची, ठोकून घ्या नीट, तुमचे तांदूळच फुगलेत. चाळीतलं प्रत्येक भांडं झालं, आणि लिटराचं एकही निघालं नाही.

तेव्हा सीतारामकाका तिसऱ्या पाळीला निघाले होते. हे मालवणकडचे, बायको-पोरं गावाला, एकटेच खोलीत राहायचे. संयुक्त महाराष्ट्राचा एकही मोर्चा त्यांनी सोडला नव्हता. डोक्यावर लाठीची खूण होती, ती ते टोपी तिरपी घालून दाखवायचे. त्यांच्या खोलीच्या दाराबाहेर खिळ्याला एक डबा टांगलेला असायचा. वनस्पती तुपाचा दोन रत्तली डबा, काठ आत वळवून तारेची कडी लावलेला. इतरांकडे पाच रत्तली डबे होते, हे एकटे म्हणून यांचा लहान. आत्याची नजर तिकडे गेली.

“कांते, नको,” आजी म्हणाली. “ते टमरेल आहे.”

आता टमरेल म्हणजे काय, ते चाळीत राहिलेल्यांना सांगायला नको. सकाळी मजल्याच्या टोकाला रांगेत उभं राहताना जे पाणी न्यायचं, ते त्यातून. पण आत्याला मास्तरकीचं भूत लागलं होतं. तिनं डब्यात आधी स्वच्छ कागद घातला? की तांदूळ नंतर फेकून दिले? इथे तिघांचं सांगणं जुळत नाही. एवढं मात्र सगळे सांगतात, की मापातले तांदूळ डब्यात गेले आणि बरोबर काठाला येऊन थांबले. वर फूटपट्टी फिरवली तर एक दाणाही पडला नाही.

“सीतारामकाका,” आत्या म्हणाली, “तुमचं टमरेल एक लिटर आहे.”

काकांना आधी ती शिवी वाटली. मग समजावून सांगितल्यावर ते विचारात पडले. “गो कांता, नेतंस तर ने. पोरांच्या शिक्षणाक नाय कसो म्हणू? पण एक दिस म्हणजे एकच दिस. मी सकाळी पाळीवरसून येतंय, चाय पितंय, आणि साडेधाच्या ठोक्याक माका टमरेल होया.”

“तेवढ्यापुरतं दुसऱ्या कुणाचं...”

“दुसऱ्याचा?” काका ताठ झाले. “माणसाक काय इज्जत असा की नाय?”

साहेब आठ वाजता यायचे होते. साडेदहापर्यंत सगळं आटोपणार, यात आत्याला शंका नव्हती. तपासणीच्या आदल्या रात्री तिनं डबा राखेनं घासला, चिंचेनं घासला, सोडा घालून उकळला, पुन्हा राखेनं घासला. काकांच्या अटीमुळे त्यावर रंगानं काही लिहिता येईना, म्हणून दोऱ्यानं कागदाची चिठ्ठी बांधली: ‘१ लिटर’. तपासणीच्या दिवशी सकाळी हेरंब गुरुजींनी टेबलावरचा डबा पाहिला. ते स्वतः गिरगावातल्या चाळीत वाढलेले.

“येलवेबाई,” ते हळू आवाजात म्हणाले, “हे... हे ते नव्हे ना?”

“गुरुजी, हा लिटर आहे,” आत्या म्हणाली.

गुरुजींनी चिठ्ठी दर्शनी बाजूला वळवून ठेवली.

आठ वाजले, नऊ वाजले, दहा वाजले. साहेब पावणेअकराला आले. गृहस्थ स्थूल, घामेजलेले, बगलेत फायली. आत्यानं धडा सुरू केला, आणि पहिल्यांदाच तिसरीच्या वर्गात खरं पाणी आलं. मुलं बावरली. शांतीनं पहिला लिटर ओतला आणि बोटं ओली झाली म्हणून ती बाईंकडे बघत राहिली. मग मात्र सगळ्यांना जोर चढला. बादलीत किती लिटर मावतील? कालिंदी म्हणाली नऊ. भरून पाहिली तर नऊ. माठात? रघु म्हणाला बारा. निघाले अकरा, आणि रघु म्हणाला की एक लिटर सकाळी पोरांनी प्यायला. साहेब मान हलवू लागले.

“छान. आता सरकारी माप दाखवा.”

गुरुजींनी कपाट उघडलं. माप आरशासारखं. साहेबांनी त्यावर टिचकी मारली. “उत्तम ठेवलंय. आता या डब्यातलं पाणी यात ओतून दाखवा, म्हणजे डबा बरोबर आहे की नाही ते कळेल.”

“साहेब, ते ओलं करता येत नाही.”

“कोण म्हणतं?”

गुरुजींनी परिपत्रक पुढे केलं. साहेबांनी ते वरून खाली वाचलं. शेवटी आले आणि तिथेच थांबले. खाली त्यांचीच सही होती.

साहेब सहीकडे बघत होते, गुरुजी मापाकडे, आत्या भरलेला डबा हातात धरून उभी. आणि त्याच वेळी खालून रस्त्यावरून आवाज आला.

“टमरेल!”

सगळ्यांनी माना वळवल्या.

“माझं टमरेल... मिळालंच पाहिजे!”

सीतारामकाका घरी मालवणी बोलायचे, पण घोषणा शुद्ध मराठीत द्यायचे. अकरा वाजून गेले होते. एक पाय दुसऱ्या पायावर चढवून ते फाटकाशी उभे होते आणि त्यांनी मूठ वर केली होती. त्या काळातली पोरं ती. ‘पाहिजे’ ऐकलं की त्यांना राहवायचं नाही. तिसरीचा वर्ग खिडकीत धावला आणि एका आवाजात ओरडला, “मिळालंच पाहिजे!” मग चौथीचा वर्ग. मग पहिली आणि दुसरी, ज्यांना काय मिळायचं आहे ते माहीतही नव्हतं. इमारत दणाणली. समोरच्या चाळीच्या गॅलऱ्या भरल्या आणि तिकडूनही साथ आली.

त्या संध्याकाळी नरे पार्कात सभा होती, म्हणून पोलिसांची गाडी सकाळपासून फिरत होती. ती येऊन फाटकापुढे थांबली. एक हवालदार काठी आपटत माडी चढून आला. दारात त्याला गणपत भेटला.

“मोर्चा कसला हा?”

“टमरेलाचो,” गणपत म्हणाला.

हवालदारानं वही काढली. “पुढारी कोण?”

“एकटोच असा. खाली उभो असा.”

“मागणी काय?”

“टमरेल.”

हवालदारानं पेन्सिल थांबवली आणि वर्गात डोकावलं. “इथं सरकारी अधिकारी कोण आहे?”

दिपोटींचा चेहरा पांढरा पडला. सरकारी नोकर मोर्चाच्या जागी हजर, असं एकदा वहीत गेलं म्हणजे संपलंच. ते आत्याला म्हणाले, “बाई, त्या माणसाला काय हवंय ते देऊन टाका. आत्ताच्या आत्ता.”

“साहेब, ते हेच आहे.” आत्यानं हातातला डबा दाखवला.

साहेबांनी डब्याकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं. मघापासून ते त्याला हात लावून लावून मुलांना प्रश्न विचारत होते. त्यांनी हात हळूच कोटाला पुसले.

“पण ते भरलेलं आहे,” गुरुजी कळवळून म्हणाले. “तपासणी व्हायची आहे अजून. ओतू नका.”

एवढ्यात सीतारामकाका स्वतःच जिना चढून आले. हवालदाराला बाजूला सारून ते आत शिरले, आत्याच्या हातातून डबा घेतला, आत पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम निवळला. “भरलेलोच होयो होतो,” ते म्हणाले आणि वळून निघाले. हवालदारानं त्यांची चाल पाहिली, आणि वाट करून दिली. गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. थेंबही न सांडता ते रस्ता ओलांडून चाळीच्या जिन्यात दिसेनासे झाले.

दिपोटींनी घसा साफ केला. काहीतरी विचारायला हवं म्हणून त्यांनी विचारलं, “मुलांनो, ते गृहस्थ किती पाणी घेऊन गेले?”

“एक लिटर!” सगळा वर्ग म्हणाला.

“नक्की?”

“काठोकाठ, साहेब,” कालिंदी म्हणाली. “मीच भरला होता.”

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, ‘मुलांना लिटरची उत्तम जाण आहे. धडा रोजच्या जीवनाशी जोडलेला.’ आणि ते मागच्या जिन्यानं गेले. हवालदारानं वहीत काय लिहिलं ते कुणालाच कधी कळलं नाही. हेरंब गुरुजी त्या दिवशी दुपारी शाळा सुटेपर्यंत खुर्चीतून उठले नाहीत. पण निघताना आत्याला म्हणाले, “येलवेबाई, मी चौतीस वर्षं शिकवतोय. पाण्याकडे बघून पोरं एवढी हरखलेली आज पाहिली.”

आत्या त्यावर रडली, असं आजी सांगायची. आत्या म्हणायची, छे, डोळ्यात राख गेली होती.

पुढे एकसष्ट साली तिचं लग्न झालं, रामदास काकांशी, ते पोस्टात होते. बदल्या झाल्या. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत ती कफ परेडकडच्या एका शाळेत होती. वर्गात मच्छीमार नगरातली कोळ्यांची पोरं बरीच. तिथं एकदा हरेश्वर नावाच्या तांडेलानं तिला सांगितलं की बाई, आमच्या होडीच्या टाकीत किती लिटर डिझेल मावतं ते तुमच्या पोरांना येऊन मोजू द्या, मला चाळीस वर्षांत जमलं नाही. आत्या पस्तीस पोरं घेऊन गेली. होडी किनाऱ्यालाच बांधलेली होती, तरी आत्याला बोट लागली. ती फळीवर डोकं धरून बसली आणि पोरांनी काठी घालून, डबे ओतून, भांडून, आकडा काढला. तिनं तो तपासला नाही. “बरोबर असेल,” ती डोळे मिटून म्हणाली, “पण मला आधी जमिनीवर न्या.”